तेवीस किलो

मेनरोडच्या आतल्या गल्लीत माझं बायंडिंगचं दुकान.
खळीत मोरचूद घालतो मी,
म्हणजे कसर लागत नाही.

देवळाली कॅम्पातून मिल्काबाई पेझारकर आल्या रिक्षाने,
चादरीत चाळीसेक पुस्तकं बांधून,
धोब्याकडे द्यावी तशी.
"काही शिवायची, काही मोजायची.
भाच्याकडे चाललेय, अश्दोदला, कायमची.
विमानात तेवीस किलो चालतं,
आणि साड्याच नऊ भरतात."
शनिवारी या म्हटलं तर हसल्या :
"शनिवारी आमचा घाणा बंद."
पणजोबा तेली होते त्यांचे, कोकणात.
घाणा जाऊन शंभर वर्षं झाली,
बंद मात्र अजून पाळतात.

भगूरच्या, लहवितच्या पोरांना युरोप शिकवला त्यांनी.
तीस वर्षांचं युद्ध
पस्तीस मिनिटांच्या तासात संपवायच्या,
वर हजेरीही व्हायची.

त्यांचा ॲटलास मीच शिवला होता पूर्वी कधी,
घट्ट, जुन्या सवयीने.
उघडला तर पोलंड शिवणीत गेलेलं.
मी ओशाळलो.
त्या म्हणाल्या, "असू द्या.
तिथंही असंच झालं होतं. एकदा नाही."

मग प्रार्थनेचं पुस्तक.
रेक्झिन नवं, सोनेरी अक्षरं नवी,
त्यांनी कागदावर काढून दिली तशी ठोकली एकेक.
हातात घेऊन त्यांनी ते उलटं केलं.
"हे उजवीकडून सुरू होतं हो.
तुम्ही शेवटावर नाव घातलंत."
परत करून देतो म्हटलं, तर दिलं नाही.

एक छोटं, जर्मन कवितांचं.
लढाईच्या वर्षांत कॅम्पात आणून ठेवलेल्या कुणीतरी
त्यांच्या वडिलांना दिलेलं,
दोन पाव आणि साबणाच्या वडीच्या बदल्यात.
पहिल्या पानावरचं नाव ब्लेडने खरवडलेलं.
वडील रेल्वेत गार्ड, त्यांना वाचता येईना.
बाईंना येईना. मला तर नाहीच.
तरी ओळी आखूड होत्या, बाजूला जागा सोडलेली,
कविता आहे एवढं कळत होतं.
टाका आपोआप सावकाश पडला.

सुटी, भुगा होत आलेली पानं उरली पसाभर.
मी सहज बोलून गेलो,
"रामकुंडावर सोडतो,
आमच्या पोथ्या तशाच सोडतात."
त्या गप्प. मग,
"पाण्यात नको. जाळायचं तर नाहीच.
नाव आहे त्यावर. मातीत द्यायचं."
रविवारी त्यांच्या सीताफळाखाली खड्डा मी खणला.
पांढऱ्या मलमलीत पानं.
त्या काही पुटपुटल्या,
मला फक्त शेवटचं "आमेन" कळलं
आणि पायाला लागलेल्या मुंग्या.

वजन युनूसभाईच्या रद्दीच्या काट्यावर.
फ्रान्सची क्रांती सव्वादोन किलो.
रशियाची पावणेदोन, पुठ्ठा सुटलेली.
वस्त्यांची, वेशींची, हाकलून दिलेल्यांची दोन जाड पुस्तकं,
ती त्यांनी काट्यावरून उचलली,
पुन्हा ठेवली,
पुन्हा उचलली.
युनूसभाई तोंड फिरवून सुतळी गुंडाळत बसला.

शेवटी चादरीच्या तळातून एक चौकटीची वही निघाली.
काकांच्या हातची. मराठी.
दावीद राजाचं कीर्तन, ओवीत,
मधेच "इथे झांज", मधेच "इथे श्रोत्यांस पाणी".
राजा अलिबागकडचं बोलतो,
गोलियाथला "मेल्या" म्हणतो.
काट्याचा काटा हललाही नाही धड.
ती वही त्यांनी पर्समध्ये टाकली, चष्म्याच्या घराशेजारी.
"ही वजनात धरायची नाही."

इतिहास माझ्याकडे ठेवून गेल्या.
रद्दीत देऊ नका, एवढंच.

गिऱ्हाईक नसलं की ॲटलास काढतो.
सुरीच्या टोकाने
त्या पानांचा टाका सैल केलाय मी.
दोन बोटं आत घालून दाबलं
की पोलंड दिसतं.
बोटं काढली की मिटतं.